आधी काम, मग प्रमाणपत्र

१९५१च्या जनगणनेत फाळणीमुळे भारतात आलेल्या निर्वासितांचा आकडा सुमारे ७३ लाख भरला. या माणसांच्या कत्तली, त्यांचे काफिले, आगगाड्या आणि छावण्या यांबद्दल आपल्याकडे बरेच लिहिले गेले आहे. ही माणसे पुढे पोट कशी भरू लागली, याबद्दल त्या मानाने फारच थोडे. तो प्रश्न निघाला की एक तयार उत्तर मिळते: सिंधी आणि पंजाबी मुळातच कष्टाळू, व्यापार त्यांच्या रक्तात, म्हणून ते सावरले. ऐकायला हे कौतुक वाटते, पण या उत्तराने सरकारची जबाबदारी अलगद बाजूला सरते, आणि जे सावरले नाहीत त्यांच्यावर आळशीपणाचा शिक्का बसतो. त्या काळातले प्रयोग शेजारी-शेजारी ठेवून पाहिले तर वेगळेच चित्र दिसते. जिथे मजुरी देणारे काम आधी उभे राहिले, त्या कामावरच प्रशिक्षण मिळाले आणि तयार मालाला गिऱ्हाईक जवळ होते, तिथे माणसे लवकर उभी राहिली. जिथे शिधा, जमीन किंवा प्रमाणपत्र हातात ठेवून त्यांना दूर नेऊन सोडले, तिथे नातवंडांच्या कपाळावरही ‘निर्वासित’ हा शब्द राहिला.

कुरुक्षेत्राची छावणी देशातली सर्वांत मोठी, भर काळात तिथे सुमारे तीन लाख माणसे तंबूत होती. तिथे काम करणारे सुरेंद्रकुमार डे हे सिल्हेटचे, शिक्षणाने अभियंता. फुकटच्या शिध्यावर जगणारा धडधाकट माणूस काही महिन्यांत आतून खचतो, हे त्यांनी ओळखले आणि ‘मजदूर मंझिल’ नावाची योजना मांडली. त्यातून १९४८ मध्ये ग्रँड ट्रंक रोडलगतच्या दलदलीच्या जमिनीवर निलोखेडी हे गाव उभे राहू लागले. सुतारकाम, लोहारकाम, विणकाम, छपाई यांच्या कार्यशाळा आणि वस्ती एकाच वेळी वाढत गेल्या. २ ऑक्टोबर १९५२ला देशभर सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमाची धुरा पुढे याच डे यांच्याकडे आली. दुसरा धागा तर आपल्या रोजच्या परिचयाचा आहे. जुलै १९४५ मध्ये युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना नोकऱ्या लावून देण्यासाठी केंद्रात पुनर्वसन आणि सेवायोजनाचे संचालनालय निघाले होते. फाळणीनंतर निर्वासितांचे काम त्याच्याच गळ्यात पडले. १९५० मध्ये जी कारागीर प्रशिक्षण योजना सुरू झाली, जिच्यातून आजच्या आयटीआय उभ्या आहेत, ती याच यंत्रणेची. तालुक्याच्या गावी फिटर किंवा वायरमनचा कोर्स करणारा मुलगा ज्या व्यवस्थेत शिकतो, तिच्या जडणघडणीत निर्वासितांचाही वाटा आहे.

सर्वांत बोलका प्रयोग फरीदाबादचा. वायव्य सरहद्द प्रांतातून, बन्नू, कोहाट, डेरा इस्माईल खान या भागांतून आलेल्या हिंदू-शीख कुटुंबांना पांगून राहायचे नव्हते. ‘आम्हाला एकत्र वसवा’ म्हणून त्यांनी दिल्लीत आंदोलन केले. १९४९ मध्ये राजेंद्रप्रसाद यांच्या अध्यक्षतेखाली फरीदाबाद विकास मंडळ नेमले गेले. कारभार गांधीजींचे विश्वासू सुधीर घोष यांच्याकडे होता, तर कमलादेवी चट्टोपाध्याय यांच्या इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियनच्या वतीने तरुण लक्ष्मीचंद जैन कामाला लागले. तीस-चाळीस हजार माणसांचे शहर वसवायचे होते. सरकारी रिवाजाप्रमाणे बांधकाम खात्याने निविदा काढाव्यात, ठेकेदाराने बाहेरून मजूर आणावेत आणि निर्वासितांनी तयार घरात राहायला जावे, असे झाले असते. मंडळाने उलटा हिशेब मांडला: घरांवर खर्च होणारा पैसा मजुरी म्हणून या लोकांच्याच हातात का जाऊ नये? बांधकाम खाते नाराज झाले. मालक, दुकानदार, कारकून म्हणून जगलेली माणसे विटा वाहायला आधी राजी नव्हती. तरीही निर्वासितांच्या सहकारी सोसायट्यांनी सुमारे पाच हजार घरे बांधली. शाळांसाठी सेवाग्रामच्या हिंदुस्थानी तालिमी संघाची, म्हणजे वर्ध्याच्या नयी तालीमची, मदत घेतली गेली. युद्धभरपाईत जर्मनीकडून आलेले डिझेलवरचे वीजकेंद्र शहरात उभारल्यावर कारखान्यांना यायला कारण मिळाले.

यात प्रशिक्षणाबद्दल शिकण्यासारखे जे आहे ते बारकाईने पाहायला हवे. प्रशिक्षण केंद्राच्या शेडमध्ये उमेदवार गवंडी भिंत रचतो, मास्तर ती तपासतो आणि संध्याकाळी ती पाडून विटा पुन्हा ढिगात जातात. ओळंबा इकडेतिकडे झाला तरी कोणाचे काही बिघडत नाही. खऱ्या घराची भिंत रचताना मात्र प्रत्येक थराला दोरी लावावी लागते, कोपऱ्याला गुण्या धरावा लागतो, वीट भिजवून घेतली नाही तर सिमेंट-वाळूचा माल धरत नाही, आणि चुकलेला थर त्याच दिवशी उतरवून पुन्हा रचावा लागतो. त्यात आठवड्याचा पगार अडकलेला असतो, शिवाय त्या घरात आपलाच शेजारी राहणार असतो. अशा कामावर हात फार लवकर बसतो. कौशल्याइतकीच मोलाची दुसरी गोष्टही मिळते, ती म्हणजे हजेरीपटावर नाव, ओळखीचा मुकादम, पुढच्या कामाची खबर. गाव सुटलेल्या माणसाचे कसब बहुधा शाबूत असते. त्याला काम मिळवून देणारी ओळखीपाळखीची साखळी तेवढी तुटलेली असते, आणि ती वर्गात बसून जोडता येत नाही.

आता त्या रक्तातल्या व्यापाराकडे येऊ. पूर्व बंगालातून आलेली माणसे काही बिनकसबी नव्हती. त्यांत तरबेज भातशेतकरी, कोळी, नावाडी, विणकर होते. ज्यांनी कलकत्त्याभोवती स्वतःच्या हिमतीवर वसाहती वसवल्या, त्यांतले पुष्कळ जण शहराच्या अर्थव्यवस्थेत मुरले. मात्र छावण्यांत अडकलेल्या दलित नामशूद्र शेतकऱ्यांना १९५८च्या दंडकारण्य प्रकल्पाखाली ओडिशातले कोरापूट आणि त्या वेळच्या मध्य प्रदेशातले बस्तर इथे नेले गेले. पाण्यात जन्म काढलेल्यांच्या वाट्याला पावसावर अवलंबून असलेली माळाची जमीन आली. प्रकल्पाच्या अध्यक्षपदावरून दूर झाल्यावर शैवालकुमार गुप्त यांनी १९६५ मध्ये तिथल्या जमिनीवर आणि पाण्याच्या सोयीवर जाहीर टीका केली होती. १९७८ मध्ये हजारो कुटुंबे तिथून उठून सुंदरबनातल्या मरीचझापी बेटावर गेली, आणि पुढच्याच वर्षी सरकारने त्यांना पोलिसी बळाने हुसकावले. आपल्या गडचिरोली आणि चंद्रपुरातही बंगाली निर्वासितांची गावे आहेत. तिथे शेती रुजवायला त्यांना जे कष्ट पडले, ते पाहिल्यावर कोणी त्यांना कामचुकार म्हणू धजणार नाही. जातीचा, भांडवलाचा, नातेवाइकांच्या जाळ्याचा फरक होताच, तो मी नाकारत नाही. पश्चिमेकडच्यांना मागे राहिलेल्या मालमत्तेची भरपाई मिळाली, पूर्वेकडच्यांना तशी मिळाली नाही, हाही फरक मोठा. पण हे सगळे फरक धोरणाने आणि समाजाने घडवलेले आहेत, त्यांचे खापर रक्तावर फोडता येत नाही.

उल्हासनगर हे उलट बाजूचे उदाहरण. कल्याणजवळच्या लष्करी बराकींत सुमारे लाखभर सिंधी आले आणि गोणपाटाचे पडदे लावून एकेका बराकीत अनेक कुटुंबे राहिली. सरकारी प्रशिक्षणाचा वाटा इथे बेताचाच. मात्र रेल्वेमार्ग दाराशी होता आणि मुंबईची बाजारपेठ तासा-दीड तासावर. बायकांनी घरी लाटलेले पापड, लोकलमध्ये फिरून विकलेली गोळ्या-बिस्किटे, थोड्या नफ्यावर फिरवलेले कापड, यांतून भांडवल साठले. कोल्हापूरजवळ वळिवडे इथे युद्धकाळात पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती. पोलिश माणसे गेल्यावर तिथे सिंधी आले, आणि आजचे गांधीनगर पश्चिम महाराष्ट्रातल्या किरकोळ दुकानदारांना घाऊक कापड पुरवते. निर्वासित स्थानिकांचा रोजगार हिरावतात, हा आक्षेप तेव्हाही होता. स्थानिक छोट्या दुकानदाराला स्वस्त विकणाऱ्या फेरीवाल्याची झळ बसली असणार, हे मान्य करायला हवे. पण बाजार वाढला की हमाल, टेम्पोवाले, शिंपी, हिशेबनीस यांनाही काम मिळते, आणि त्यांत मराठी माणसे भरपूर आहेत. दंडकारण्यासारखे जंगल तोडून जमीन वाटली की मात्र ती कुठल्या तरी आदिवासीच्या वहिवाटीतूनच जाते, आणि ते नुकसान भरून निघत नाही.

बायकांच्या बाबतीत प्रशिक्षण म्हणजे शिवणयंत्र, हे समीकरण तेव्हापासूनच रूढ झाले. एका वस्तीत पन्नास जणींना शिवण शिकवले तर कपडे शिवून घेणार कोण? दिल्लीत याचे उत्तर शोधले गेले. शोभा ऊर्फ फोरी नेहरू आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी निर्वासित बायकांच्या हातच्या वस्तूंसाठी आधी विक्रीचे दुकान उघडले. पुढे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियमचा कारभार १९५२ मध्ये कमलादेवींच्या युनियनकडे आला, तेव्हा त्याला कायमचे रूप मिळाले. काय खपते हे दुकानातून कळे आणि मग तेवढेच शिकवले जाई.

काम आधी देणाऱ्या प्रयोगांच्या उणिवाही सांगायला हव्यात. फरीदाबादच्या सोसायट्या टिकल्या नाहीत. मंडळाचा कारभार नेहमीच्या सरकारी चाकोरीत गेल्यावर त्यांचा आधार सुटला. लोकांनी चालवायला शिकावे इतका वेळ त्यांना मिळालाच नाही. दुसरी उणीव निलगिरीत दिसते. १९६४च्या शास्त्री-सिरिमावो करारानंतर श्रीलंकेतून परतलेल्या तमिळ मळेमजुरांसाठी तमिळनाडू सरकारने १९६८ मध्ये चहामळे लावले, पुढे ‘टॅनटी’ कंपनी झाली. काम लगेच मिळाले, तेही हातात बसलेले. पण घर मळ्याचे असल्याने नोकरी संपली की छपरावर गदा येते. काम देताना घर, पतसंस्था आणि मुलांसाठी दुसऱ्या वाटा दिल्या नाहीत, तर काम हीच छावणी होते.

महाराष्ट्रात धरणग्रस्तांना रोजगारासाठी आपण काय दिले? सरकारी नोकऱ्यांत ५ टक्के आरक्षण आणि प्रकल्पग्रस्ताचा दाखला. कोयनेचे लोक उठून सहा दशके झाली. सातारा, सांगली, सोलापूर, रायगड, ठाणे जिल्ह्यांत विखुरलेल्या त्या कुटुंबांची नातवंडे आजही मोर्चे काढतात. भरती निघेल तेव्हा दाखला चालेल. प्रत्यक्ष धरण बांधले जात असताना, वर्षानुवर्षे काम आणि पैसा तिथेच वाहत असताना, उठवलेल्या गावातल्या तरुणाला यंत्रचालक, वेल्डर, वीजतंत्री म्हणून त्याच कामावर तयार करायचे आणि पुढे देखभालीवर ठेवायचे, असे कलम प्रत्येक ठेक्यात घालता येते. मणिपूरमध्ये मे २०२३ नंतर सुमारे साठ हजार माणसे विस्थापित झाली. मदत छावण्यांतल्या बायका लोकरीच्या बाहुल्या विणतात, लोणची घालतात, आणि देशभर त्यांचे कौतुक होते. तिथे जळलेली हजारो घरे पुन्हा बांधायची आहेत, शाळा, रस्ते, पाण्याच्या योजना दुरुस्त करायच्या आहेत. या कामांच्या निविदा निघतील तेव्हा हजेरीपटावर छावण्यांतली नावे असावीत, मजुरी थेट त्यांच्या खात्यात जावी, आणि पहिल्या वर्षाचे गवंडी तिसऱ्या वर्षी स्वतः छोटे ठेके घेऊ शकतील अशी पतव्यवस्था त्याच वेळी उभी राहावी. ही अट निविदेच्या मसुद्यात घालायला नवा कायदा लागत नाही.