वळूची ती सूज फोडू नका

गाय माजावर आली, वळू लावला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या अंडकोशाच्या पुढे, पोटाखाली नारळाएवढी सूज दिसू लागली. गळू झाले असावे असे समजून तिथे सुई घातली जाते किंवा चिरा दिला जातो. वळू कायमचा निकामी होण्याची सुरुवात अनेकदा इथेच होते. आत पू नसतो, साकळलेले रक्त असते; आणि जंतूंना वाढायला त्याहून सोयीची जागा नाही.

हे रक्त येते कुठून? वळूचे लिंग तंतुमय असते. एरवी ते पोटाखाली नागमोडी दुमडलेले राहते आणि एक स्नायू त्याला आत ओढून धरतो. संगाच्या वेळी हा स्नायू सैल पडतो, दुमड सरळ होते. रक्त बाहेर जाण्याचा मार्ग बंद होतो आणि मुळाशी असलेले स्नायू आतले रक्त दाबतात. हा दाब क्षणभर १४,००० मिलिमीटर पाऱ्याच्याही वर गेल्याची नोंद आहे. नेहमीच्या रक्तदाबाच्या तो शंभरपट भरतो. तो पेलते ‘ट्युनिका अल्बुजिनिया’ हे चिवट आवरण. नेमक्या त्याच क्षणी गाय बसली, वळली किंवा वळूचा पाय घसरला, तर ताठ लिंग वाकते, आवरण फाटते आणि रक्त आजूबाजूच्या ऊतींत पसरते.

अचानक, संगानंतर लगेच आलेली सूज बहुधा रक्ताची; सावकाश वाढणारी, गरम सूज गळवाची. तरीही खात्री पशुवैद्यकाने हाताने तपासून आणि सोनोग्राफी करूनच करावी. कधी सुजेमुळे लिंगावरची आतली त्वचा बाहेर येऊन लोंबते. ती स्वच्छ धुऊन, मलम लावून, सैल पट्टीने झाकावी. उघडी राहिली तर सुकते, चिरते. गीरसारख्या लोंबत्या आवरणाच्या जातींत या त्वचेला काटेकुटे लागूनही जखमा होतात.

सूज लहान असेल तर प्रतिजैविके, सुरुवातीला थंड पाण्याची धार, काही दिवसांनी कोमट शेक आणि किमान ६० दिवस गायींपासून दूर ठेवणे, एवढ्यावर अनेक वळू बरे होतात. सूज मोठी असेल तर शस्त्रक्रिया करावी लागते, तीही पहिल्या आठवडा-दहा दिवसांत. गाठी काढून फाटलेले आवरण शिवले जाते. उशीर झाला की ऊती एकमेकींना चिकटतात आणि लिंग पुरते बाहेर येत नाही. मज्जातंतू दुखावला असेल तर वळू उडी घेतो, पण त्याला योनीमार्ग सापडत नाही.

बरा दिसतो म्हणून वळू लगेच गायींत सोडू नये. लिंग पूर्ण बाहेर येते का, संवेदना आहे का आणि वीर्य कसे आहे, हे आधी तपासावे. अंडकोशालाही मार लागला असेल किंवा ताप येऊन गेला असेल, तर घाई मुळीच नको. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ६१ दिवस आणि पक्व व्हायला त्यापुढे आठ-दहा दिवस लागतात. म्हणून वीर्याचा खरा कस अडीच महिन्यांनीच कळतो.

जातिवंत वळू घडवायला वर्षे लागतात. संगाची जागा कोरडी, न घसरणारी ठेवा. बुटक्या कालवडीवर अवजड वळू सोडू नका. आणि सूज दिसताच गायी बाजूला करून त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. उपचार उपलब्ध आहेत, पण ते वेळेत सुरू करणे मालकाच्याच हाती आहे.