सराईचा भटियारा

इतिहासाच्या अभ्यासकाला उदगीर हे नाव नवे नाही. लातूर जिल्ह्यातील या गावाजवळ ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी निजामाच्या फौजेचा पराभव केला आणि त्यानंतर झालेल्या तहाने दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर अशी नामांकित ठाणी मराठ्यांच्या हाती आली. त्याआधी १६३६ साली शहाजहानच्या सैन्याने वेढा घालून उदगीरचा किल्ला घेतला होता. किल्ल्याचे बुरूज, त्याभोवतीचा खोल खंदक आणि आतील फारसी शिलालेख आजही त्या घडामोडींची आठवण करून देतात.

परंतु किल्ल्याच्या वाटेने केवळ फौजाच येत नसत. बिदर, नांदेड, कंधार, औसा या गावांकडे जाणाऱ्या वाटा उदगीरच्या परिसरात एकमेकींस मिळतात. त्या काळी अशा वाटांवरून व्यापारी जात, सरकारी कासीद जात, यात्रेकरू आणि फकीर जात, बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून लमाणांचे तांडे जात. लमाणांचा तांडा आपला संसार बरोबर घेऊनच फिरे. पण एकट्यादुकट्या वाटसरूची गोष्ट निराळी होती. दिवसभराची मजल मारून थकलेल्या अशा माणसाला संध्याकाळी दोनच गोष्टी हव्या असत : पोटाला अन्न आणि निर्धास्त झोप. लढाया जिंकणाऱ्या सरदारांची नावे बखरींत आणि शिलालेखांत राहिली. वाटसरूंना या दोन गोष्टी पुरविणाऱ्या माणसाचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. मोगल अमदानीतील राजमार्गांवर हे काम करणाऱ्यास भटियारा म्हणत.

भट्टी लावणारा तो भटियारा. मोठ्या स्वयंपाकघराला मराठीत भटारखाना म्हणतात, तो शब्द याच कुळातला आहे. भटियारा रोट्या भाजी आणि सराईत उतरणाऱ्या प्रवाशांची व्यवस्थाही पाही. भाकरी आणि निवारा यांचे हे दोन व्यवसाय एकाच कुटुंबाच्या हाती असत. पुष्कळ सरायांत तर भटियाऱ्यापेक्षा त्याची पत्नी, म्हणजे भटियारीण, हीच खरी कारभारीण असे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात आलेला इंग्रज प्रवासी पीटर मंडी याने अशा स्त्रियांचा उल्लेख केला आहे. त्या सराईतील लहान लहान कोठड्यांची देखभाल करीत, प्रवाशांच्या नोकरचाकरांना स्वयंपाक करून देत आणि निजावयास खाटा पुरवीत. इतक्या कष्टांबद्दल त्यांना मिळे ते एका कोठडीमागे एक-दोन पैसे.

सराईची इमारत बहुधा चौकोनी असे. चहूबाजूंनी उंच भिंत, भिंतीला आतून लागून कमानदार कोठड्यांच्या ओळी, मध्ये मोकळे पटांगण, पटांगणात विहीर आणि आत शिरण्यास भक्कम दरवाजा, अशी तिची रचना असे. अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाताना फर्दापूर येथे मोगलकालीन सराई आजही पाहावयास मिळते. बऱ्हाणपूर येथे जहांगीराच्या काळात बांधलेली अकबरी सराई प्रसिद्ध आहे. या कोठड्या ऐसपैस नसत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो १६१५ साली बऱ्हाणपुरास आला, तेव्हा त्याला उतरावयास दिलेल्या चार विटांच्या कोठड्या पाहून तो खट्टू झाला. त्या वर गोल असून भट्टीएवढ्याच आहेत, अशी तक्रार त्याने आपल्या रोजनिशीत नोंदविली आणि तो आपल्या तंबूतच राहिला. परंतु ज्याच्याजवळ तंबू नव्हता, त्या वाटसरूला पावसाच्या रात्री तीच कोठडी राजवाड्यासारखी वाटत असली पाहिजे.

राजमार्गांवर सराया बांधण्याच्या कामाला शेरशहा सूर याने मोठी चालना दिली. त्याने १५४० ते १५४५ एवढीच वर्षे राज्य केले; परंतु तेवढ्या अवधीत त्याने रस्त्यांवर दोन-दोन कोसांच्या अंतराने सराया उभारल्या, असे इतिहासकार अब्बास सरवानी सांगतो. त्या रस्त्यांपैकी एक आग्र्याहून निघून दख्खनच्या सीमेवर बऱ्हाणपुरापर्यंत येत होता. या सरायांत हिंदूंसाठी आणि मुसलमानांसाठी राहण्याची निरनिराळी सोय असे. हिंदू प्रवाशांना पाणी आणि अन्न देण्याकरिता ब्राह्मण नेमलेले असत. पुढे उत्तरेतील भटियाऱ्यांत शेरशाही आणि सलीमशाही असे दोन वर्ग पडले. शेरशहा आणि त्याचा पुत्र सलीमशहा यांच्या नावांवरून ते ओळखले जात. ज्या राजांनी रस्ते बांधले, त्यांची आठवण या गरीब कारागिरांनी आपल्या नावात जपली.

सूर्य कलू लागला की सराईत लगबग सुरू होई. पटांगणात घोडे आणि बैल बांधले जात. भटियारीण खाटा काढून देई, विहिरीचे पाणी भरी, जनावरांसाठी दाणावैरण आणून देई. सर्वच प्रवासी तिच्या हातचे अन्न खात असत असे नाही. भटियारे मुसलमान असत आणि सोवळेओवळे पाळणारे हिंदू वाटसरू आपला शिधा बरोबर आणून स्वतः चूल मांडीत. अशांना जळण, पाणी आणि निवारा एवढेच सराईतून हवे असे. कोण काय खातो आणि कोणाच्या हातचे खातो, हे ओळखून प्रत्येकाची सोय लावणे हा या धंद्यातील मोठाच व्यवहार होता.

भटियाऱ्याचे खरे कसब मात्र भट्टीपाशी दिसे. त्याची भट्टी म्हणजे मातीचा तंदूर. रांजणासारख्या आकाराचा हा तंदूर भुसा मिसळलेल्या मातीने घडवीत आणि उब टिकावी म्हणून त्याला बाहेरून मातीचा जाड लेप देत. त्याच्या तळाशी जाळ करीत. जाळ ओसरून निखारे उरले आणि आतील भिंत पुरेशी तापली म्हणजे भटियारा हाताने वाढविलेली रोटी कापडी गादीवर घेई आणि तंदुरात हात घालून भिंतीवर चापट मारल्यासारखी चिकटवी. काही क्षणांतच रोटी फुगे आणि तिच्यावर तांबूस ठिपके उमटत. मग लोखंडी सळईने ती अलगद सोडवून बाहेर काढली जाई. क्षणभर उशीर झाला तर रोटी निखाऱ्यांत पडे. घाई झाली तर ती कच्ची राही. एकाच जाळावर पुष्कळ रोट्या निघत असल्यामुळे जळणाची बचत होई. प्रत्येक प्रवाशाने स्वतंत्र चूल पेटविली असती तर सराईला लाकूड पुरले नसते.

मराठवाड्याचे रोजचे अन्न ज्वारीची भाकरी. मग भटियारा गव्हाच्या रोट्या का भाजी? याचे कारण पिठाच्या गुणधर्मात आहे. भटियारा आदल्या दिवशीच्या आंबलेल्या पिठाचा एक गोळा राखून ठेवी आणि तो नव्या पिठात मिसळी. यालाच खमीर म्हणतात. खमिरामुळे पिठात वायूचे सूक्ष्म बुडबुडे तयार होतात. गव्हाच्या पिठात एक चिवट, लवचीक अंश असतो. तो हे बुडबुडे धरून ठेवतो आणि त्यामुळे रोटी हलकी व मऊ होते. ज्वारीच्या पिठात हा चिवटपणा नसतो. म्हणून भाकरी थापावी लागते आणि ती तव्यावरून उतरताच गरम खाण्यात गोडी असते. खमिरी रोटी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पहाटे निघणाऱ्या वाटसरूला ती फडक्यात बांधून सहज नेता येई.

अन्नाइतकीच मोलाची गोष्ट म्हणजे रात्रीची निर्धास्तता. त्या काळी वाटांवर चोरदरोड्याचे भय असे. सतराव्या शतकात हिंदुस्थानात राहिलेल्या मनुची या व्हेनिसच्या प्रवाशाने सराईतील शिस्तीचे वर्णन केले आहे. सूर्यास्ताला रखवालदार दरवाजा बंद करी आणि प्रत्येकाने आपापले सामान व जनावरे सांभाळावीत, असे मोठ्याने पुकारी. पहाटे दरवाजा उघडण्यापूर्वी तो पुन्हा तीन वेळा ओरडून सर्वांना आपल्या वस्तू तपासावयास सांगे. कोणाची वस्तू हरवली असल्यास ती सापडेपर्यंत दरवाजा उघडत नसे. चोर सापडला तर त्याला सराईसमोरच फाशी देत. त्यामुळे तक्रारीचा आवाज ऐकताच चोर चोरलेला माल कोठेतरी टाकून देत. अकबराच्या काळात शहरचा कोतवाल अनोळखी माणसांना ठरलेल्या सराईत उतरवी, तसेच बाजारातील वजने आणि भाव यांवरही लक्ष ठेवी. भटियाऱ्याच्या शब्दाला किंमत होती ती याचमुळे. त्याच्या छपराखाली वाटसरू आपली थैली उशाशी घेऊन झोपत असे. एखाद्या सराईची एकदा बदनामी झाली की तिच्या भट्टीकडे कोण फिरकणार?

परक्याची सोय पाहणाऱ्या माणसावर समाजाची नजर असणे ही केवळ हिंदुस्थानातील गोष्ट नव्हती. त्याच काळात जर्मनीतील शहरांत पाव भाजणाऱ्यांचे संघ होते आणि पावाचे वजन नगरसभा ठरवून देई. वजनात लबाडी करणाऱ्यास पिंजऱ्यात किंवा टोपलीत बसवून सर्वांदेखत पाण्यात बुडवून काढण्याची शिक्षा काही शहरांत होती. तेथील धर्मशाळावजा खाणावळींच्या मालकांना रात्री उतरलेल्या पाहुण्यांची नावे अधिकाऱ्यांना कळवावी लागत. देश, भाषा आणि धर्म निराळे असले तरी भुकेला परका माणूस सर्वत्र सारखाच असतो. त्याला भाकरी विकणाऱ्याने ती पुऱ्या वजनाची द्यावी आणि त्याला निवारा देणाऱ्याने त्याचा घात करू नये, एवढीच अपेक्षा सर्व समाजांनी केली.

या धंद्याची खरी परीक्षा दुष्काळात होई. १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खन येथे भीषण दुष्काळ पडला. पीटर मंडी त्याच सुमारास सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्यास गेला. वाटेवर पडलेली प्रेते आणि ओस पडलेली गावे त्याने पाहिली. शहाजहान तेव्हा बऱ्हाणपुरातच होता. त्याने तेथे, तसेच अहमदाबाद व सुरत येथे लंगर उघडून अन्न वाटण्याची आज्ञा केली आणि बऱ्हाणपुरात दर सोमवारी ५००० रुपये गरिबांना देवविले. परंतु राजाची मदत शहरापुरती पोचली. वाटेवरचा भटियारा दाण्यावर जगणारा; जेथे दाणाच नाही, तेथे तो भट्टी कशाने पेटविणार? राजमार्ग कितीही रुंद असला तरी त्यावरचा तंदूर थंड पडला की तो मार्ग माणसाला तारू शकत नाही.

एवढे उपयोगी काम करूनही भटियाऱ्याला मान मिळाला नाही. भांडखोर स्त्रीला उत्तरेत भटियारीण म्हणून हिणवू लागले. शंभर निरनिराळ्या स्वभावांच्या माणसांकडून एक-दोन पैसे वसूल करणाऱ्या बाईला आवाज चढवावा लागत असेल, याचा विचार हिणवणाऱ्यांनी केला नाही. आणि तरीही रोटीचे मोल लोकांना ठाऊक होते. हैदराबादच्या आसफजाही घराण्याविषयी एक आख्यायिका सांगतात. पहिल्या निजामाला औरंगाबादच्या एका सूफी साधूने कुलचे खावयास दिले. त्याने सात कुलचे खाल्ले, तेव्हा तुझे घराणे सात पिढ्या राज्य करील, असा आशीर्वाद साधूने दिला. त्या घराण्याच्या पिवळ्या ध्वजावरील पांढरे वर्तुळ म्हणजे तो कुलचाच, असे लोक मानीत. उदगीरवर १९४८ पर्यंत त्याच घराण्याचे राज्य होते. रोटीला ध्वजावर स्थान मिळाले, पण रोटी भाजणारा भट्टीच्या धुरातच राहिला.

एकोणिसाव्या शतकात लोहमार्ग आले आणि प्रवासाची रीत पालटली. आठ दिवसांची मजल एका रात्रीत होऊ लागली. इंग्रजी अमलाखालील मुलखात १८६७ साली सरायांविषयी कायदा झाला आणि सराई स्वच्छ ठेवणे, राखणदार नेमणे, दराचा तक्ता लावणे ही मालकाची कर्तव्ये ठरली. १९०० च्या सुमारास मनमाड ते हैदराबाद हा लोहमार्ग मराठवाड्यातून गेला. जुन्या वाटांवरील वर्दळ ओसरत गेली आणि सरायांचे दरवाजे हळूहळू मोडकळीस आले.

तंदूर मात्र विझला नाही. औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथील जुन्या वस्त्यांत आजही नान भाजले जातात. तेथील नान-खलियाचे नाते लोक महंमद तुघलकाने १३२७ साली दौलताबादेस आणलेल्या राजधानीशी जोडतात. आज एस. टी. च्या स्थानकाजवळ पहाटे चूल पेटविणारा उपाहारगृहाचा चालक, रात्री उशिरा आलेल्या प्रवाशाला खोली उघडून देणारा व्यवस्थापक, हे सारे भटियाऱ्याचेच वारस होत.

कालच्या पिठातील एक गोळा राखला तरच आजची रोटी फुगते. विश्वासाचेही तसेच आहे. काल उतरलेला वाटसरू सुखरूप गेला, म्हणूनच आज दुसरा त्या दारात येतो. सराईतील भटियाऱ्याने ही दोन्ही खमिरे रोज जपली. पहाटे दरवाजा उघडे, वाटसरू फडक्यात रोटी बांधून वाटेला लागे. त्याला भटियाऱ्याचे नाव ठाऊक नसे आणि भटियाऱ्यालाही त्याचे नाव ठाऊक नसे. परंतु पुढची मजल त्याच रोटीच्या बळावर पुरी होई.