ऐन भरातलं बेट

नदी आणि प्रवाळ यांचं वैर जुनं आहे. प्रवाळाला खारं, कोमट आणि नितळ पाणी लागतं. नदी समुद्रात आणते गोडं पाणी आणि गाळ. गाळ अंगावर बसला की प्रवाळ गुदमरतो, आणि पाणी गढुळलं की त्याचा उजेड तुटतो. आपल्या कोकणात खाड्यांच्या तोंडाशी पावसाळाभर तांबड्या पाण्याचे लोट येतात, त्यामुळे तिथे प्रवाळ बेताचाच. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोडाफार दिसतो. मोठा पट्टा बघायचा तर विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत, भर समुद्रातल्या अँग्रिया बँकपर्यंत जावं लागतं.

हे माहीत असलेल्या माणसाला मॉरिशसच्या आग्नेय किनाऱ्यावरची एक रोजची सहल चक्रावून टाकते. सकाळी ब्लू बेमध्ये तोंडावर मास्क चढवून प्रवाळावर तरंगायचं. मग त्याच बोटीने उत्तरेला जाऊन ग्रँड रिव्हर साउथ ईस्ट या नदीच्या मुखात शिरायचं आणि धबधब्यासमोर थांबायचं. दुपारी एका लहानशा बेटावर भाजलेले मासे खायचे आणि उरलेला दिवस इल ओ सेर्फ या बेटाच्या पांढऱ्या वाळूत काढायचा. एवढ्या सगळ्याला किनाऱ्याचे वीस-पंचवीस किलोमीटर पुरतात. जन्माचे वैरी इतक्या जवळ नांदतात कसे? उत्तर दडलं आहे बेटाच्या वयात. धबधबा आणि प्रवाळ एकाच दिवसात दाखवणं प्रत्येक उष्ण बेटाला जमत नाही. त्यासाठी बेट ऐन भरात असावं लागतं.

सुरुवात सहलीप्रमाणेच पाण्यापासून करू. ब्लू बेचं ३५३ हेक्टरांचं सागरी उद्यान २००८ पासून महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत आहे. बोट तिथे तरंगत्या बोयाला बांधतात, कारण नांगर टाकला की प्रवाळ मोडतो. स्किपर मास्क आणि नळी हातात देतो आणि पहिली सूचना करतो: खाली कुठेही पाय टेकायचे नाहीत.

उघड्या डोळ्यांनी पाण्यात सगळं धूसर दिसतं. आपल्या डोळ्याचं प्रकाश वळवण्याचं बरंचसं काम बुबुळावरचा पारदर्शक पडदा करतो, आणि तो ते करू शकतो कारण त्याच्या पुढे हवा असते. पाणी आणि तो पडदा यांची प्रकाश वळवण्याची ताकद जवळजवळ सारखी, त्यामुळे पाण्यात त्याचा उपयोग उरत नाही. मास्क डोळ्यांपुढे दोन बोटं हवा परत आणून ठेवतो आणि जग लख्ख होतं. फक्त मासे खऱ्यापेक्षा सुमारे एक तृतीयांश मोठे दिसतात. म्हणून स्नॉर्केलिंग करून आलेल्या माणसाने हात फाकवून माशाचं माप दाखवलं तर त्यातला थोडा भाग भौतिकशास्त्राच्या खात्यावर टाकावा.

नळी इतकी आखूड का, हाही प्रश्न पडतो. मीटरभर लांब नळी घेऊन खोल का जाऊ नये? कारण मीटरभर खोलीवर पाणी छाती चहूबाजूंनी इतकी दाबतं की वरची साधी हवा आत ओढणं जवळपास अशक्य होतं. शिवाय लांब नळीत आपलीच सोडलेली हवा साचून राहते आणि पुन्हा तीच आत येते. त्यामुळे नळी वीतभरापेक्षा थोडी मोठी, आणि आपण पृष्ठभागाचे पाहुणे.

पाण्यात कान गेले की तडतड ऐकू येते. चिमटा झटकून आवाज काढणारी कोळंबी आणि प्रवाळी खडक कुरतडणारे पोपटमासे हे त्यामागचे वादक. पोपटमाशाचे दात जुळून चोच झालेली असते. तिने तो खडकावरचं शेवाळ खरवडतो, सोबत खडकाचा चुराही गिळतो, घशात त्याचं पीठ करतो आणि मागून वाळू सोडतो. मोठ्या जातीचा एक मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू काढतो. मॉरिशसचा दगड आहे काळाकुळकुळीत, ज्वालामुखीचा. तरी किनारा पांढरा, कारण तिथली वाळू डोंगराने दिलेलीच नाही. ती प्रवाळ, शिंपले आणि माशांच्या पोटातून आलेली आहे. नवपरिणीत जोडपी जिच्यावर फोटो काढतात ती वाळू नेमकी कुठून आली, हे सहलीच्या माहितीपत्रकात सहसा छापत नाहीत.

प्रवाळ हा प्राणी. लाखो चिमुकले पॉलिप शेजारी शेजारी बसून समुद्राच्या पाण्यातल्या चुन्यापासून घर बांधतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उन्हावर साखर तयार करतं आणि घरभाडं म्हणून तिचा मोठा वाटा पॉलिपला देतं. प्रवाळाचे रंगही बहुतेक या भाडेकरूमुळे. म्हणून प्रवाळाला ऊन हवं, म्हणून पाणी उथळ आणि नितळ हवं, आणि म्हणून नदीशी वैर. मेंदूसारख्या वळ्या असलेला गोल प्रवाळ वर्षाला सेंटीमीटरभर वाढला तरी खूप झालं. ब्लू बेमधले सगळ्यात मोठे गोळे काही शतकांचे आहेत. बेटावर उसाचं पहिलं कांडं लागलं तेव्हा ते बांधकाम बहुधा चालू झालेलं असेल.

बेटाला जवळजवळ पूर्ण वेढणारी प्रवाळभित्तिका सुमारे १५० किलोमीटरांची आहे. बाहेर हिंदी महासागराची लाट तिच्यावर फुटते आणि आत निळंशार, शांत लगून राहतं. पण भिंतीला खिंडारं आहेत, आणि त्यांतली कित्येक नद्यांच्या मुखासमोर येतात. गोडं पाणी जिथे रोज ओतत राहतं तिथे प्रवाळाला भिंत पुरी करता येत नाही. वैर मिटलेलं नाही, त्याची वाटणी झाली आहे. नदीने आपल्यापुरता दरवाजा ठेवला, बाकी भिंत प्रवाळाची.

माणसाचा इतिहास या दरवाजांमधूनच आत आला. आग्नेयेच्या मोठ्या उपसागरात डच १५९८ मध्ये उतरले. इल द ला पास हे बेटुकलं तिथल्या खिंडाराच्या तोंडावर बसलेलं आहे. ते ज्याच्या हाती, त्याच्या हाती बंदर. १८१० च्या ऑगस्टमध्ये इथल्या उथळ, प्रवाळी पाण्यात इंग्रजांची लढाऊ जहाजं रुतली आणि फ्रेंचांनी लढाई जिंकली. पॅरिसच्या विजयकमानीवर नेपोलियनकाळातला हा एकमेव सागरी विजय कोरलेला आहे. मात्र त्याच वर्षाच्या अखेरीला इंग्रजांनी बेट घेतलंच. सहलीची बोट या सगळ्याच्या बाजूने काही मिनिटांत निघून जाते.

मग पाण्याचा रंग बदलतो. निळ्याचा हिरवा होतो, हिरव्यात तपकिरी मिसळतं, काठाला खारफुटी दिसू लागते. खारफुटीची मुळं गाळ धरून ठेवतात आणि प्रवाळाचा बचाव करतात. नदी बेटावरची सगळ्यात लांब, तरी चाळीस किलोमीटरही भरत नाही. काळ्या कड्यांमधून बोट आत जाते आणि समोर धबधबा येतो. उंची फार नाही. जोग किंवा ठोसेघर बघितलेला माणूस मान उंचावणारही नाही. काठावरची माकडं मात्र बोटींचं वेळापत्रक पाठ असल्यासारखी हजर असतात. तीही मूळची इथली नव्हेत, जहाजांतून आलेली.

या धबधब्याचं पाणी महासागरातूनच आलेलं आहे. आग्नेयेकडून जवळजवळ वर्षभर व्यापारी वारे वाहतात आणि समुद्रावरून ओलावा गोळा करत येतात. बेटाच्या मध्यभागी पठार आहे, सर्वोच्च शिखर ८२८ मीटर. वारा त्यावर चढतो, थंडावतो आणि बरसतो. पठारावर वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तर पलीकडच्या पश्चिम किनाऱ्यावर १,००० मिलिमीटरपेक्षाही कमी. घाटमाथा आणि त्यामागचा कोरडा माण-खटाव, एवढं सगळं तासाभराच्या गाडीप्रवासात. डोंगर नसता तर हे ढग बेटावरून तसेच पुढे गेले असते, आणि धबधबाही नसता.

आता कड्याकडे नीट बघावं. काळा, थराथरांचा, फटीफटींतून झिरपणारा दगड. मराठी माणसाला तो ओळखीचा वाटतो, आणि तसा वाटणं रास्तही आहे. पृथ्वीच्या पोटात एका जागी खोलवरून उष्ण शिलारस वर येत राहतो आणि वरून भूपट्ट सरकत जातात. शिवणयंत्राची सुई जागच्या जागी वरखाली होते, कापड पुढे सरकतं आणि टाक्यांची रांग उमटते, तसंच हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या सुईवर भारतीय उपखंड होता. तेव्हा जो लाव्हा पसरला त्यातून दख्खनचं पठार आणि सह्याद्रीचे कडे घडले, असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. भारत उत्तरेला सरकत गेला आणि मागे टाके पडत गेले: आधी मालदीवच्या तळाचे ज्वालामुखी, मग चागोस. पुढे सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस समुद्रातून वर आला. आज सुई आहे शेजारच्या रियुनिअन बेटाखाली, आणि तिथला ज्वालामुखी अजून धगधगतो आहे.

एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गिरमिटिया म्हणजे करारबद्ध मजूर म्हणून आली. त्यांचे वंशज आजही गणपती बसवतात, आणि मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मळे काढण्यासाठी जमिनीतले काळे धोंडे वेचावे लागत. त्यांचे ढिगारे आजही उसात उभे दिसतात. गुलामांनी आणि मजुरांनी ते रचले. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आलेल्या कोकणी हातांनी उचललेला हा दगड आणि गावाकडचा कातळ एकाच भट्टीतले होते. त्यांना ते सांगणारं तेव्हा कोणी नव्हतं, कारण ते कोणालाच ठाऊक नव्हतं.

या टाक्यांच्या रांगेत बेटाचं सगळं आयुष्य मांडून ठेवलेलं आहे. रियुनिअन तरुण, वय सुमारे २० लाख वर्षं, उंची ३,००० मीटरच्या वर. ढग अडवण्यात त्याचा हात धरणारं कोणी नाही. चोवीस तासांत १,८२५ मिलिमीटर पावसाचा जागतिक विक्रम याच बेटाचा, १९६६ च्या जानेवारीतला. धबधबे तर विचारूच नका. पण उतार इतके तीव्र आणि किनारा इतका नवा की प्रवाळाची भिंत पश्चिमेला अरुंद पट्ट्यापुरतीच. दुसऱ्या टोकाला म्हातारं मालदीव. तिथे प्रवाळच प्रवाळ, पण जमीन समुद्राच्या वर जेमतेम दोन-अडीच मीटर. ढग अडवायला काही नाही, नदी नाही, धबधबा नाही. डोंगर कधीच पाण्याखाली गेला.

हा डोंगर जातो कुठे, हे चार्ल्स डार्विनने ओळखलं. बीगल जहाजावरून तो १८३६ च्या एप्रिलअखेर मॉरिशसला पोहोचला, त्याआधी कीलिंगची प्रवाळबेटं बघून. डार्विनचं म्हणणं असं: ज्वालामुखी विझला की बेट हळूहळू खचतं, पण किनाऱ्याचा प्रवाळ उजेडासाठी वर वर बांधत राहतो. आधी भिंत किनाऱ्याला लगटून असते, मग मध्ये लगून रुंदावतं आणि शेवटी डोंगर बुडून नुसतं कंकण उरतं. पुस्तक १८४२ मध्ये आलं, पुरावा मिळाला ११० वर्षांनी. १९५२ मध्ये पॅसिफिकमधल्या एनेवेटाक बेटावर छिद्र पाडलं तेव्हा १,३०० ते १,४०० मीटर प्रवाळी चुनखडकाच्या खाली ज्वालामुखीचा काळा दगड लागला.

मॉरिशस या दोन टोकांच्या मध्ये आहे. ढग अडतील एवढा डोंगर शिल्लक आहे आणि प्रवाळाला भिंत बांधायला पुरेसा वेळ मिळाला आहे. दोन्ही एका दिवसात बघता येतात ते या वयामुळे.

बेट खचतं वर्षाला मिलिमीटरच्या अंशांनी. त्या शर्यतीत प्रवाळ कधीच हरला नसता. तो हरतो उष्णतेपुढे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल तापमानाच्या वर समुद्र अंशभर जरी काही आठवडे तापून राहिला, तर पॉलिप आपल्या शैवालाला बाहेर काढतो, पांढरा पडतो आणि उपासमारीने मरू शकतो. १९९८ आणि २०१६ मध्ये जगभरच्या प्रवाळांनी हे सोसलं. शिवाय माणसाच्या हातची संकटं निराळी. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज ब्लू बेजवळच भिंतीवर चढलं आणि ऑगस्टमध्ये त्यातून सुमारे १,००० टन तेल लगूनमध्ये सांडलं. सरकारी यंत्रणेची वाट न बघता गावोगावचे लोक उसाचा पाला पोत्यांत भरून तरंगते बांध शिवायला बसले.

रियुनिअनचं बेट उद्या थंडावेल, झिजेल, आणि काही दशलक्ष वर्षांनी तिथेही अशी सहल निघू शकेल. तेवढं थांबायला आपल्याला जमणार नाही. त्यामुळे जायचं तर सनस्क्रीन थापण्याऐवजी लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा, माशांना पाव टाकू नये, बोट बोयाला बांधणारा स्किपर निवडावा आणि त्याने सांगितल्याप्रमाणे पाय वरच ठेवावेत. पावसानंतर लगेचचा दिवस मात्र टाळावा. धबधबा जोरात असतो, पण नदीच्या आसपास समुद्रात काहीच दिसत नाही. वाटणी झाली असली तरी वैर चालूच आहे.