संशोधकाची योग्यता कशी मोजावी?

वैद्यकीय संशोधकाची योग्यता कशावरून ठरवावी? त्यानें किती निबंध छापले, एवढें मोजून भागेल काय? तसें असतें, तर जो अधिक पुरवण्या जोडील तोच परीक्षेंत पहिला आला असता! निबंध छापला जाणें हा केवळ आरंभ होय. पुढें तो कोणी वाचला, पडताळून पाहिला आणि आपल्या कामास त्याचा आधार घेतला, यावर त्याचें फळ अवलंबून असतें. असा आधार घेणारा लेखक आपल्या लेखांत पूर्वीच्या निबंधाची नोंद करितो. तिला आपण ‘उल्लेख’ म्हणूं. उल्लेख ही विद्येच्या व्यवहारांतील ऋणाची कबुली होय.

याचें उत्तम उदाहरण आपल्या मुंबईंतलेंच आहे. मुलुंड-घाटकोपरच्या मुलांना परळ स्टेशन ठाऊक असेलच. तेथून जवळच असलेल्या के. ई. एम. रुग्णालयाशीं डॉ. रुस्तम जाल वकील (1911–1974) यांचा संबंध होता. आडनांव वकील, पण व्यवसाय हृदयरोगचिकित्सेचा. सर्पगंधेचें मूळ आपल्याकडील वैद्य पुरातन काळापासून वापरीत आले होते. डॉ. वकील यांनीं तें रक्तदाब वाढलेल्या 50 रोग्यांस देऊन दाब मोजला, आणि आपले निष्कर्ष 1949 सालीं ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकांत प्रसिद्ध केले.

तो निबंध अमेरिकेंत बोस्टन येथील डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनांत आला. त्यांनीं सर्पगंधा मिळवून आपल्या रोग्यांवर तिचा पडताळा घेतला व 1952 सालीं अनुकूल निष्कर्ष जाहीर केले. त्याच वर्षीं स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनीं त्या मुळांतून रेसर्पिन हें द्रव्य वेगळें काढलें. 1957 सालीं डॉ. वकील यांस अमेरिकेंतील लास्कर पारितोषिक मिळालें. पुढें अधिक सोयीचीं औषधें निघालीं व रेसर्पिनचा वापर कमी झाला. परंतु त्या काळीं रक्तदाबाच्या रोग्यांस तें मोठा आधार ठरलें.

आतां याच गोष्टीची दुसरी बाजू पाहा. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं 1931 सालींच ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’मध्यें सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण नोंदविला होता. तो निबंध परदेशांत फारसा पोहोंचला नाहीं. मधलीं 18 वर्षें गेलीं! ज्ञान होतें, पण तें वाचणारे थोडे होते; आणि या विलंबाची किंमत रोग्यांनीं भरली.

कोणत्या निबंधाचा आधार पुढें कोणीं घेतला, हें सहज सांपडावें म्हणून अमेरिकेंतील यूजीन गारफील्ड यांनीं 1955 सालीं उल्लेखांच्या सूचीची कल्पना मांडली. विज्ञानविषयक निबंधांची अशी सूची 1964 पासून निघूं लागली. पुढें 2005 सालीं पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनीं ‘एच-निर्देशांक’ सुचविला. त्याची रीत सोपी आहे. एका संशोधकाच्या पांच निबंधांचे अनुक्रमें 12, 9, 6, 4 व 1 असे उल्लेख झाले आहेत असें समजा. यांपैकीं चार निबंधांचे प्रत्येकीं निदान चार उल्लेख आहेत. पांचांचे पांच नाहींत. म्हणून त्याचा निर्देशांक 4.

परंतु हें माप सर्वस्वीं विश्वासपात्र मानूं नये. ज्यानें एकच निबंध लिहिला, त्याचे हजार उल्लेख झाले तरी त्याचा निर्देशांक 1 च राहतो. कोणी आपल्याच निबंधांचे उल्लेख करून आंकडा फुगवितो. एखादा निबंध खोडून काढण्यासाठीं केलेला उल्लेखही बेरजेंत धरला जातो. आणि 1931 च्या निबंधास केवळ उल्लेखांच्या तराजूंत तोललें असतें, तर तो त्या काळीं हलकाच भरला असता. आंकडा दिशा दाखवील. निवाडा मात्र निबंध वाचूनच करावा लागतो.

तुम्हांपैकीं कांहींजण उद्यां डॉक्टर व संशोधक व्हाल. त्याची तयारी या शाळेंतच करतां येईल. निबंध लिहितांना ज्या पुस्तकांतून माहिती घेतली, त्याचें नांव खालीं लिहा. मित्रानें गणिताची युक्ति सांगितली असेल, तर तसें वर्गांत मोकळेपणानें सांगा. खाल्ल्या अन्नाला जागावें, तसें शिकल्या विद्येलाही जागावें.