झेंडूचा बेवड

प्रवरा नदीवरचं भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. यंदा त्याची शंभरी. भाषणांत उसाचा आणि साखर कारखान्यांचा गौरव होईल, तो व्हावाही. पण प्रवरेच्या पाण्यावर भाजीपाला पिकवून थकलेल्या जमिनीबद्दल कुणी बोलेल असं वाटत नाही.

पहिली साठ-सत्तर वर्षं पाटाच्या आवर्तनात आणि उसाच्या पाचटात गेली. त्यावर भरपूर लिहून झालंय. माझा जीव अडकलाय नव्वदच्या दशकात. अकोले-संगमनेर पट्ट्यात संकरित टोमॅटो तारेवर चढला, हातात पैसा खुळखुळू लागला आणि फेरपालट सुटली. टोमॅटोमागे टोमॅटो, फार तर वांगी नाहीतर मिरची. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमीला ही तिन्ही पिकं सारखीच मानवतात. मग वाफ्यात ओल असूनही झाडं भर दुपारी माना टाकू लागली. उपटून पाहावं तर मुळं गाठींनी भरलेली. हरभऱ्याच्या गाठी नखाने खरवडल्या की सुटून येतात. इथे मूळच फुगलेलं असायचं.

दुकानात एकच उत्तर मिळे: फोरेट. ते दाणे टाकल्यावर हाताचा उग्र वास जाता जात नसे. फेरपालट कर, असं तिथल्या कुणीही सांगितलं नाही. २०२० अखेर फोरेटवर बंदी आली, तोवर एक पिढी ते हाताळून मोकळी झाली होती.

उपाय तर शेतातच होता. झेंडूच्या मुळांतलं अल्फा-टरथिनाइल सूत्रकृमीला मारतं, हे डच संशोधकांनी १९५८ मध्येच दाखवलं होतं. आमच्या जुन्या माणसांना रसायन ठाऊक नव्हतं, पण झेंडूच्या बेवडावर, म्हणजे आधी झेंडू घेतलेल्या जमिनीत, टोमॅटो साधतो हे पक्कं ठाऊक होतं. दिवाळीचे तोडे उरकले की झेंडू तिथेच नांगरायचा आणि पुढचं पीक धरायचं.

आता सल्ला ऐकू येतो, टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ लावा, सूत्रकृमी संपली म्हणून समजा. ती एक ओळ फळ पोखरणाऱ्या अळीसाठी आहे. तिचा पतंग टोमॅटोऐवजी झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो. सूत्रकृमीला आवर घालायचा तर झेंडूची मुळं सगळ्या वावरात पसरायला हवीत, दाट लागवडीने, दोन-तीन महिने आणि तणाविना, कारण तणांच्या मुळांवरही ती तग धरते.

दसऱ्याला भाव पडला, फुलं रस्त्यावर ओतावी लागली, की झेंडू तोट्यात गेला म्हणतात. वाचलेलं औषध आणि पुढच्या पिकाची निरोगी मुळं त्याच्या खात्यावर कोण मांडणार? सरकार ठिबकला अनुदान देतं, मल्चिंगला देतं. शंभरीच्या वर्षी झेंडूखालच्या या दोन-तीन महिन्यांनाही द्यावं. पाणी शंभर वर्षं पुरलं. जमीन पुरवायची तर एवढं केलंच पाहिजे.