चहातली गोळी

‘न सांगता दारू सोडवा’ ही जाहिरात कुठल्याही एसटी स्टँडाजवळच्या भिंतीवर सापडते. राहुरीच्या ऊसपट्ट्यात उसाचं पेमेंट खात्यावर आलं की नवरा दोन दिवस घरी फिरकत नाही, अशा घरात ती जाहिरात वाचून बाईला हायसं वाटलं तर नवल नाही. चहात गोळी विरघळवायची, प्रश्न मिटला.

ही समजूत जीवावर बेतू शकते. यासाठी जी गोळी प्रसिद्ध आहे, ती डायसल्फिराम. दारूपासून शरीरात अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य तयार होतं आणि यकृत ते लगेच निकामी करतं. गोळी नेमकं हेच काम अडवते. मग एका पेगवरही चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेला माणूस दगावूही शकतो. गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. म्हणून ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीनं, तपासण्या करूनच देतात. शिवाय तिनं पिण्याची ओढ कमी होत नाही, फक्त धाक बसतो. ओढ कमी करायला नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट अशी वेगळी औषधं आहेत.

‘मनावर घेतलं की आजपासून बंद,’ हेही तितकंच फसवं. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम सोडली तर हात कापतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे भास, बडबड, ताप सुरू झाला तर ती सरळ इमर्जन्सी. घरचे मग सलाईन लावायला नेतात. पण अशा माणसात बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता असते आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. डॉक्टरांना पिण्याची खरी माहिती सांगायला लाजू नये. लाज इथे फार महागात पडते.

‘औषध म्हणजे दुसरं व्यसन’ असंही ऐकू येतं. सुरुवातीच्या काही दिवसांत झोपेची-फिटची औषधं देतात ती मोजून कमी करत बंद करतात. ती स्वतःच्या मनानं चालू ठेवली तर मात्र सवय लागते.

आणि गोळ्यांनी दारू सुटली म्हणजे माणूस बरा झाला, हा गैरसमज तर सुशिक्षितांतही आहे. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता (सुनंदा) आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे पाठीशी उभे राहिले. तिथे औषधाबरोबर गटचर्चा, समुपदेशन आणि बायकांसाठी वेगळा गट आहे. कारण दारू थांबली की तिच्याखाली दडलेलं वर येतं. थकलेलं कर्ज, भावकीतला वाद, जुनं नैराश्य, न येणारी झोप. त्यातल्या नैराश्यावर वेगळं औषध लागू शकतं, कर्जावर लागत नाही. पुढच्या हंगामाचं पेमेंट कुणाच्या खात्यावर यायचं, हे दारू सुटल्यावर पहिल्याच महिन्यात घरानं ठरवावं.

कुणाशी बोलावं सुचत नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं. फोन बायकोनं केला तरी चालतो.