पंचगंगेपासून स्ट्रॉबेरीपर्यंत : महाबळेश्वराच्या आकर्षणांचा मागोवा

एखाद्या स्थळी माणसे का जातात, या प्रश्नाचे उत्तर आपण सामान्यतः त्या स्थळाच्याच वर्णनात शोधतो; तेथील डोंगर उंच आहे, तेथील देवस्थान जागृत आहे, तेथील हवा थंड आहे, असे सांगितले म्हणजे कारण दिल्यासारखे आपल्याला वाटते. परंतु ज्याचा डोंगर तोच राहिला, ज्याची हवा थोड्याफार फरकाने तीच राहिली, आणि तरीही ज्याच्याकडे येणाऱ्या माणसाचे प्रयोजन दर दोन-तीन पिढ्यांनी पालटत गेले, असे एखादे ठिकाण निवडून त्याचा मागोवा घेतला, तर या उत्तराचा अपुरेपणा ध्यानात येतो. सह्याद्रीच्या माथ्यावरचे महाबळेश्वर हे असे ठिकाण आहे. तेथे येणाऱ्या प्रत्येक पिढीने आपल्या गावी जे उणे होते तेच या डोंगराकडे मागितले, आणि त्या मागणीनुसार डोंगराचे रूप घडत गेले, असे त्याच्या इतिहासाकडे पाहून म्हणावेसे वाटते.

आरंभीचे मागणे पुण्यप्राप्तीचे होते. आज ज्याला जुने महाबळेश्वर किंवा क्षेत्र महाबळेश्वर म्हणतात, तेथील पंचगंगेच्या देवळात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचा उगम मानतात, व त्यांचे एकवटलेले पाणी गोमुखातून कुंडात पडते. यांपैकी सावित्री पश्चिमेस कोकणात उतरून बाणकोटाजवळ सागरास मिळते. वेण्णा माहुलीस व कोयना कऱ्हाडास कृष्णेला भेटते, आणि कृष्णा अवघा दक्षिणापथ ओलांडून पूर्वसमुद्राकडे जाते. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण राजाने तेराव्या शतकात कृष्णेच्या उगमाशी देऊळ व टाके बांधले असे सांगतात; पुढे हा मुलूख जावळीच्या चंद्रराव मोऱ्यांकडे होता, आणि त्यांच्यानंतर तो शिवाजीमहाराजांच्या अमलाखाली आला. महाराजांनी 1665 मध्ये मातुःश्री जिजाबाई आणि वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली ती याच क्षेत्री, सूर्यग्रहणाच्या पर्वकाळी.

या यात्रेकरूने डोंगराकडे निवास मागितला नाही, रस्ता मागितला नाही, देखाव्याची तर त्याला दादच नव्हती. दऱ्यांच्या काठाने तो आला तो अंगावर काटे ओरबाडून घेत आला, आणि वाटेचे कष्ट हा त्याच्या पुण्याचाच एक भाग होता. त्याच्या येण्याला पंचांगाचे नियमन होते. गुरू कन्या राशीस आला म्हणजे बारा वर्षांनी कन्यागताची पर्वणी येई, त्या वर्षी भागीरथी कृष्णेच्या भेटीस येते अशी श्रद्धा, आणि पंचगंगेच्या देवळात तिच्यासाठी राखलेली गोमुखाची जागाही आहे. सरस्वतीचे आगमन तर साठ वर्षांनी. आकर्षण इतके विरळ, आणि वाट इतकी अवघड, की डोंगराला माणसांचा भार कधी जाणवलाच नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात येथे जो नवा मनुष्य आला त्याचे उणेपण वेगळे होते. पेशवाईच्या अस्तानंतर मुंबई इलाख्याच्या कंपनी सरकारचे गोरे अंमलदार व शिपाई दख्खनच्या उन्हाने आणि तापाने बेजार झालेले होते. त्यांना आपल्या देशाच्या हवेची आठवण येत होती. 1824 मध्ये लॉडविक नावाचा लष्करी अधिकारी या माथ्यावर चढून आला व येथील हवेची वार्ता त्याने खाली नेली. साताऱ्याचे रेसिडेंट कर्नल ब्रिग्ज यांनी 1826 च्या सुमारास छत्रपती प्रतापसिंहमहाराजांचे मन वळवून साताऱ्याहून वर रस्ता करविला. आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी 1828 मध्ये आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यस्थान स्थापून या उद्योगाला सरकारी रूप दिले. पुढच्याच वर्षी तहनामा होऊन महाबळेश्वराची जमीन कंपनी सरकारकडे आली, व तिच्या मोबदल्यात वाईकडील खंडाळा हा गाव छत्रपतींना मिळाला. हे खंडाळे बोरघाटातले नव्हे, पुणे-सातारा वाटेवरचे. एका गावाच्या बदल्यात एक गार डोंगर, असा हा सौदा होता, आणि नव्या वसाहतीला गव्हर्नराच्याच नावाने माल्कमपेठ म्हणू लागले. क्षेत्राचा देव काही मैलांवर आपल्या जागी राहिला. बाजार, बंगले, गिरिजाघर आणि कचेरी ही सारी नवी प्रतिष्ठा माल्कमपेठेत उभी राहिली.

हवेची कीर्ती निसर्गाने दिलेली असली, तरी ती उपभोगण्याजोगी करण्यासाठी पुष्कळांचे श्रम खर्ची पडले, आणि या श्रमांत सर्वांत विलक्षण वाटा चिनी बंदिवानांचा होता. सिंगापूर-पेनांगकडच्या इंग्रजी वसाहतींतून पाठविलेले चिनी व मलायी कैदी 1830 नंतरच्या दशकांत येथील तुरुंगात ठेवले गेले, व 1864 मध्ये तो तुरुंग मोडेपर्यंत त्यांच्याकडून रस्त्यांची कामे करून घेण्यात आली. बटाटे व विलायती भाज्या पिकविण्यात त्यांचा हात असा बसला की साहेबांच्या मेजावरील भाजीपाला पुष्कळसा त्यांच्याच मळ्यांतून येई. 1842 मध्ये साताऱ्याच्या शहाजी ऊर्फ आप्पासाहेब महाराजांनी वेण्णेचे पाणी अडवून तलाव बांधविला तो वसाहतीच्या पाण्याच्या सोयीसाठी. त्यात नौकाविहार करण्यासाठी माणसे पुढे रांगा लावतील, हे त्या काळच्या कोणा कारकुनाच्या दफ्तरात नमूद असण्याचा संभव नाही. आधी सोय म्हणून जे बांधले जाते, तेच दोन पिढ्यांनी शोभेचे व मग करमणुकीचे ठरते, हा या डोंगराचा शिरस्ताच आहे.

हवेमागोमाग देखाव्याची मागणी आली. उन्हाळ्यात व पावसाळा सरल्यावर मुंबई सरकारचा मुक्काम येथे पडू लागला, आणि फायलींतून मोकळ्या झालेल्या साहेबाला व त्याच्या मडमेला सायंकाळी घोड्यावरून जाऊन पोहोचण्यासाठी काही ठिकाण हवे झाले. डोंगराच्या ज्या ज्या टोकावरून दरी दिसते त्या टोकाला पॉइंट म्हणण्याची आणि त्याला एखाद्या साहेबाचे नाव देण्याची चाल पडली ती तेव्हाची : एल्फिन्स्टन पॉइंट, लॉडविक पॉइंट, माल्कमच्या कन्येवरून केट्स पॉइंट, आणि सर्वांत उंच, सुमारे 1,439 मीटरांवरच्या सिंडोळा टेकडीला विसाव्या शतकात आलेल्या गव्हर्नराच्या नावावरून विल्सन पॉइंट. सावित्रीच्या खोल दरीवरील आर्थर्स सीटला जे नाव मिळाले ते आर्थर मॅलेट या अधिकाऱ्याने तेथे प्रथम घर बांधले म्हणून. पण 1853 मध्ये त्याची पत्नी व तान्ही मुलगी याच सावित्रीच्या मुखाशी, बाणकोटाजवळ, बुडून वारल्या होत्या, आणि त्या दुःखाने तो या कड्यावर नदीकडे पाहत बसे, ही कथा घराच्या हकिकतीहून येथे अधिक चालली. कड्याला कथा चिकटली की तो पाहण्याजोगा होतो, हे गाइडाला इतिहासकाराच्या आधी कळते.

देखावा ठराविक जागेवरून, ठराविक वेळी आणि ठराविक दिशेला तोंड करून पाहावयाचा असतो, ही शिकवण पॉइंटांनी दिली. बॉम्बे पॉइंटावरचा सूर्यास्त हा तिचा नमुना. क्षेत्राच्या यात्रेकरूने ज्या दऱ्या देवाच्या वाटेवरचा अडसर म्हणून ओलांडल्या, त्याच दऱ्या आता प्रवासाचे गंतव्य झाल्या.

देशी लोकांनी हा वारसा हळूहळू, पण पूर्णपणे आपलासा केला. आरंभीची वाट पश्चिमेकडून बाणकोटच्या खाडीने महाडपर्यंत व तेथून घाट चढून येणारी, किंवा पुण्याकडून वाईच्या पसरणी घाटाने येणारी. पुढे दक्षिणेकडे रेल्वे झाली व वाठार स्टेशनावर उतरून टांग्याने येणे सुकर झाले, तेव्हा मुंबईच्या पारशी व गुजराती श्रीमंतांचे बंगले वाढले आणि संस्थानिकांचे मुक्काम पडू लागले. इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी 1916 मध्ये महाबळेश्वरावर स्वतंत्र इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला, ही गोष्टच सांगते की स्थळाला आता आपला असा इतिहास झाला होता, आणि तो वाचण्याची इच्छा असणारा पाहुणाही होता. शेजारच्या पाचगणीत जॉन चेसन यांनी 1860 नंतरच्या काळात सिल्व्हर ओकसारखी परदेशी झाडे लावून वसाहत केली होती. तेथे निवासी शाळा निघाल्या, आणि 1912 मध्ये डॉ. बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल-एअर हे आरोग्यधाम काढले. औषधापेक्षा कोरड्या हवेवर भरवसा ठेवण्याचा तो काळ होता. गांधीजींचा पाचगणीतील 1944 चा आणि महाबळेश्वरातील 1945 चा मुक्काम हाही कारावासाने खचलेल्या प्रकृतीच्या सुधारणेसाठीच घडला.

स्वातंत्र्यानंतर आरोग्याचे मागणे मागे पडले, कारण क्षयावर औषध निघाले व गव्हर्नराच्या कचेरीबरोबर सारे सरकार डोंगरावर हलविण्याची चालही मोडली. त्या रिकाम्या जागेत मध्यमवर्ग आला. राज्य परिवहनाच्या मोटारीने शाळांच्या सहली जवळच्या प्रतापगडावर येऊ लागल्या, आणि 1659 च्या अफजलखानवधाच्या प्रसंगाची जागा स्वतःच्या डोळ्यांनी पाहणे हे मराठी मुलाच्या शिक्षणाचे अंग बनले. गडावरील शिवाजीमहाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण 1957 च्या नोव्हेंबरात पंडित नेहरूंच्या हस्ते झाले, तेव्हा संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने घाटवाटांवर काळी निशाणे घेऊन निदर्शने केली. एखादे पर्यटनस्थळ हे स्वाभिमानाचेही स्थळ असू शकते, याचा तो जाहीर दाखला होता. 2025 च्या जुलैत जागतिक वारसा यादीत आलेल्या मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत प्रतापगडाचाही समावेश झाला. स्वातंत्र्यानंतरच्या याच मध्यमवर्गीय पिढीने महाबळेश्वराला मधुचंद्राचे गाव केले. एकत्र कुटुंबाच्या दोन खोल्यांत जो एकान्त मिळणे दुर्घट होते, तो येथे चार दिवस भाड्याने मिळू लागला.

यानंतरचे आकर्षण जिभेचे आहे. इंग्रजी अमदानीत हौसेने लावलेली स्ट्रॉबेरी विसाव्या शतकाच्या अखेरीस परदेशी वाणांची रोपे आल्यावर या पट्ट्यातील रयतेचे नगदी पीक झाली. पाचगणीत 1959 मध्ये सुरू झालेल्या मॅप्रोसारख्या उद्योगाने फळाचे जॅम, सरबत आणि चॉकलेट करून ते पाहुण्याच्या पिशवीत घातले, आणि 2010 मध्ये महाबळेश्वराच्या स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकन मिळाले. दर्शन घरी नेता येत नव्हते, हवा नेता येत नव्हती, देखाव्याचे नुसते छायाचित्र नेता येत होते. जिन्नस मात्र खोक्यातून नेता येतो, म्हणून बाजाराला तो सर्वांत मानवला. अलीकडे तर पाहुणा नेण्यापेक्षा करण्यास आतुर दिसतो. तो शेतात उतरून स्वतः फळे खुडतो. वेल्समधील हे-ऑन-वाय या पुस्तकांच्या गावाचा आदर्श घेऊन भिलार येथे 4 मे 2017 रोजी सरकारने पुस्तकांचे गाव उभे केले, तेथे कोणाच्याही घरी, देवळात वा शाळेत बसून तो वाचू शकतो. आणि 2022 मध्ये मधाचे गाव म्हणून नावारूपास आलेल्या मांघरात मधुमक्षिकांचा व्यवसाय पाहतो. कोयनेच्या जलाशयाकाठच्या तापोळ्यात तो नावेत बसतो. ज्या खोऱ्यातील शेते व घरे त्या पाण्याखाली गेली, तेथील माणसांच्या पुढल्या पिढीला नावा चालवून उपजीविका मिळते.

मात्र या साऱ्या परिवर्तनांत मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते ते पावसाचे. वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर कोसळणारा पाऊस हा साहेबाच्या लेखी महाबळेश्वराचा दोष होता. जूनच्या तोंडी सरकारचा मुक्काम पुण्याला हलत असे, आणि मागे राहिलेली घरे गवताने शाकारून बंद केली जात. आज त्याच पावसासाठी, त्याच धुक्यासाठी, लिंगमळ्याच्या धबधब्यासाठी शहरांतून गाड्या येतात. काँक्रीटच्या घरात बारमाही कोरडे राहणाऱ्याला चिंब भिजणे दुर्मीळ झाले आहे, आणि जे दुर्मीळ त्याचे मोल.

यांतून जे निष्पन्न होते ते चिंतनीय आहे. प्रत्येक नवे आकर्षण जुन्याला न घालवता त्याच्यावर रचले गेले, म्हणून पंचगंगेच्या तीर्थाला, पॉइंटाला, प्रतापगडाला आणि स्ट्रॉबेरीच्या मळ्याला आजचा पाहुणा एकाच दिवसात भेट देतो. परंतु आजच्या शहरवासीयाच्या गावी जे उणे आहे ते म्हणजे मोकळी हवा, शांतता व जागा, आणि सारे शहरवासी एकाच शनिवारी निघाले म्हणजे पसरणी घाटात ज्याची रांग लागते ते हेच उणेपण असते. 2001 मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित करून बांधकामांवर निर्बंध घालण्यात आले. शेजारच्या कास पठारावर, 2012 मध्ये पश्चिम घाट जागतिक वारशात आल्यानंतर, फुलांच्या हंगामात दररोज येणाऱ्यांची संख्याच मर्यादित करावी लागली. हे निर्बंध पाहुण्याला जाचक वाटतात व स्थानिक व्यावसायिकाला महागात पडतात, तरी त्यांत अपूर्व असे काही नाही. पूर्वी माणसांची संख्या पंचांग ठरवीत असे आणि घाटाची उंची ती राखीत असे. रस्त्यांनी दोन्ही अधिकार काढून घेतले, आणि जे काम डोंगर विनातक्रार करीत होता ते आता अधिसूचनेला, तिकिटाला आणि तपासणीनाक्याला करावे लागत आहे. ते काम त्यांच्याकडून नीट होते की नाही, यावरच महाबळेश्वराच्या पुढच्या आकर्षणाचे भवितव्य अवलंबून राहील, मग ते आकर्षण कोणत्याही स्वरूपाचे असो.